उरलेली अर्धी

"मॅम शोभना, हलू नका, प्लीज!" मोबाइलमागून बोयेट ओरडला, आणि नेमका तेव्हाच शोभनाच्या डाव्या पोटरीत गोळा आला.

ती हलली नाही. दुबईच्या खाडीच्या देरा बाजूच्या धक्क्यावर, होड्यांकडे तोंड करून, ती आज्ञाधारकपणे उभी होती. कमरेखाली मरून रंगाचा पायघोळ घागरा. वर मात्र रोजचाच क्लिनिकचा कुडता, गळ्यात चष्म्याची दोरी आणि खांद्याला फुगलेली पर्स. वरच्या अवताराची काळजी नव्हती, कारण वरची शोभना पुसलीच जाणार होती. बोयेटने आधी तीच जागा रिकामी टिपून घेतली होती, आता तिला उभं करून दुसऱ्यांदा टिपत होता. नंतर कॉम्प्युटरवर तिचा कमरेवरचा भाग खोडायचा आणि तिथे मागचं पाणी चिकटवायचं. म्हणजे बघणाऱ्याला धक्क्यावर नुसता घागरा आणि दोन पाय दिसणार, बाकीची बाई गायब.

"बाजी, उस पार जाना है?" एका होडीवाल्याने, उर्दूत ताई म्हणून हाक मारत, विचारलं.

शोभनाने मानेनेच नाही म्हटलं.

"मॅम!" बोयेट कळवळला. "मान हलली की कंबर हलते. पुन्हा करू या. यल्ला, एकदाच."

बोयेट बोलायचा इंग्रजीच, मधूनमधून 'चला' आणि 'संपलं' अशा अर्थाचे अरबी यल्ला आणि खलास पेरून. शोभनाच्या कानात शिरेपर्यंत त्याचं मराठी झालेलं असे, आणि तसंच ते इथे सांगितलं आहे.

खरं तर उभं राहण्याचा शोभनाइतका सराव फार थोड्यांना असेल. लग्न होऊन दुबईत आली तेव्हापासून ती उभीच होती. आधी लेकीच्या स्कूल बसची वाट बघत उन्हात, मग व्हिसाच्या कागदांसाठी टायपिंग सेंटरच्या रांगेत आणि आता कारामातल्या दाताच्या दवाखान्याच्या काउंटरमागे. बसलेली रिसेप्शनिस्ट आळशी दिसते, असं डॉक्टर विजयकुमारांचं ठाम मत होतं, त्यामुळे काउंटरमागे खुर्चीच नव्हती. नवरा शैलेंद्र तिकडे रुवैसला रिफायनरीत. शुक्रवारी संध्याकाळी यायचा, रविवारी जेवून निघायचा. तो गेला की आठवडाभराचा डिस्कव्हरी गार्डन्सचा फ्लॅट, नोकरी करणारी लेक शुभ्रा, धोब्याचे कपडे आणि बिघडलेला एसी हे सगळं शोभनाकडे. ती थकली होती. कुणाला सांगावं असा मोठा आजार नाही, दुःखही नाही, नुसती थकली होती, आणि हे तिने आजवर फक्त एका माणसाला सांगितलं होतं. तो हा बोयेट.

बोयेट दवाखान्यात डॉक्टरांच्या शेजारी उभा राहून पेशंटच्या तोंडातली लाळ ओढणारी नळी धरायचा. चाळिशी ओलांडलेला, ठेंगणा, हसरा, केसांना अजून जेल लावणारा. गाव फिलिपिन्समधलं कापिझ. या कापिझचं नाव घेतलं की इतर फिलिपिनो लोक हमखास दचकल्याचं नाटक करत आणि विचारत, "तू पण रात्री उडतोस का रे?" कारण तिकडच्या भुताखेतांच्या गोष्टी सगळ्या कापिझच्या नावावर खपतात. बोयेट हसायचा. लहानपणापासून हसत आला होता, आता त्यालाही कंटाळला होता.

दुपारच्या रिकाम्या वेळात त्याने काउंटरला टेकून शोभनाला त्या उडणाऱ्या बाईची गोष्ट सांगितली होती. तिचं नाव मनानांगाल. दिवसा चारचौघींसारखी नांदती बाई, रात्री अंगाला तेल चोळते, कमरेत तुटते, वरच्या अर्ध्या भागाला वटवाघळाचे पंख फुटतात आणि ती भूक भागवायला उडून जाते. पहाटेच्या आत परत येऊन जुळते. लोक तिला राक्षसीण म्हणतात.

"पण मॅम," बोयेट म्हणाला होता, "भूक लागली म्हणूनच उडाली ना? आपण सगळे कशासाठी उडालो? आणि व्हिडिओ कॉलवर बघा. माणूस कमरेपर्यंतच दिसतो."

शोभनाला लगेच शैलेंद्र आठवला. रोज संध्याकाळी मोबाइलवर दिसणारा, बनियनमधला, कमरेपर्यंतचा. त्याच्या पायात चप्पल आहे की नाही, हेही तिला आठवडाभर कळत नसे.

"आणि खालची अर्धी काय करते?" तिने विचारलं होतं.

बोयेट बघतच राहिला. "केळीच्या बागेत उभी राहते. वाट बघत. मॅम, इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं."

पुढे तो खालच्या अर्धीला काय धोका असतो ते सांगणार होता, तेवढ्यात फोन वाजला, कुणाची तरी दाढ ठणकत होती, आणि गोष्ट तिथेच राहिली. त्या उरलेल्या भागाची दोघांनाही पुन्हा आठवण झाली नाही.

त्या गप्पांमधूनच बोयेटच्या फिल्मने आकार घेतला. सिनेमा म्हणावा असं काही नव्हतं ते. दहा-बारा मिनिटांचं चित्र, गॅलरीच्या भिंतीवर पुन्हा पुन्हा फिरत राहणारं. वरची अर्धी टोरांटोत, बर्फात, पंख लावून बसस्टॉपवरून उडताना दिसणार, आणि खालची अर्धी दुबईत ठिकठिकाणी उभी. टोरांटोची वरची अर्धी म्हणजे एरियल.

एरियल हा बोयेटचा चुलतभाऊ, असं दवाखान्यात सगळ्यांना माहीत होतं. दोघे देऱ्यात एकाच खोलीत राहायचे. शोभनाही काही वर्षं चुलतभाऊच धरून चालली. मग एरियल कॅनडाला म्हाताऱ्यांची देखभाल करायच्या नोकरीवर गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी बोयेट उपकरणं उकळायच्या यंत्रापुढे पाठ करून रडताना तिला दिसला. चुलतभावासाठी असं कुणी रडत नाही, एवढं कळण्याइतका संसार तिने केला होता. तिने काही विचारलं नाही. आपल्या डब्यातली साबुदाण्याची खिचडी त्याच्यापुढे सरकवली आणि काउंटरवर जाऊन उभी राहिली. पुढे केव्हातरी बोयेटने 'चुलतभाऊ' म्हणायचं सोडून नुसतं 'एरियल' म्हणायला सुरुवात केली आणि तिनेही ते तसंच घेतलं.

आता या फिल्ममध्ये शोभना कशी आली? तर बाप्यामाणसाने बायकी वेश करून रस्त्यावर उभं राहणं इथे गुन्हा. तेव्हा उघड्यावरची खालची अर्धी कुणीतरी बाईनेच व्हायला हवी होती. बोयेटने भीत भीत विचारलं. शोभनाने आधी घागरा शिवून दिला, मग त्याचा घेर नीट बसतो का बघायला अंगाला लावून पाहिला, आणि मग एका रविवारी मेट्रोने देऱ्याला जाऊन त्यात उभीही राहिली.

शुभ्राला कळलं तेव्हा ती लॅपटॉपवरून मान वर करून म्हणाली, "मम्मा, यू आर इन अ क्विअर आर्ट फिल्म. डू यू इव्हन नो दॅट?"

"मी कमरेपर्यंतच आहे," शोभना म्हणाली आणि कणीक मळायला गेली.

शैलेंद्रने मात्र एवढ्यावर सोडलं नाही. "अगं, तुझा व्हिसा माझ्या स्पॉन्सरशिपवर आहे. माझी कंपनी सरकारी आहे, माहितीये ना? उद्या कुणी कम्प्लेंट केली तर खलास. तो माणूस चांगला असेल, नाही म्हणत नाही मी. पण आपण कशाला मध्ये पडायचं?"

"मी नुसती उभी राहते हो," ती म्हणाली. शैलेंद्र वाईट माणूस नव्हता. बारा वर्षं आठवड्याला दोनदा तो वाळवंटातला रस्ता कापून त्याचीही पाठ गेली होती, आणि दमलेला माणूस नव्या भानगडीला भितोच. ती जात राहिली आणि त्यानेही पुन्हा विषय काढला नाही.

फिल्मचा शेवट ठरलेला होता. टोरांटोतल्या एका छोट्या गॅलरीने ती दाखवायचं मान्य करून बोयेटला रीतसर निमंत्रण पाठवलं होतं. तो तिकडे जाणार, घागरा घालून बर्फात उभा राहणार, एरियल पंख मिटून त्याच्याजवळ येणार आणि दोन अर्धे जुळणार. तेवढा एकच प्रसंग बाकी होता. बोयेटला निमंत्रणाचा इतका भरवसा वाटला की त्याने दवाखान्याचा राजीनामाही देऊन टाकला. एकदा तिथे पोचलो की बघू पुढचं पुढे, असं त्याचं गणित. शोभनाला ते अजिबात पटलेलं नव्हतं, पण त्याचा चेहरा बघून तिने तोंड मिटून घेतलं. तो गेल्यावर दवाखान्यात बोलायला कोण, हाही विचार तिच्या मनात येऊन गेला होता, आणि त्या विचाराची तिला लाजही वाटली होती.

कॅनडाच्या व्हिसाचा निकाल कधीही येईल अशी वेळ आली, तेव्हा देऱ्याच्या खोलीत शेवटचं चित्रीकरण होतं. पडदे लावलेले बंक बेड, मधल्या चिंचोळ्या जागेत बोयेट स्वतः घागरा नेसून उभा, आणि मोबाइल धरायला त्याची मैत्रीण टेस, सलूनमध्ये केस कापणारी. घागरा नीट करायला शोभनाही होती. चित्रीकरण झालं. टेसने टोरांटोहून आलेले मेसेज वाचून दाखवले. गॅलरीतल्या लोकांनी अर्धवट फिल्म बघूनच डोक्यावर घेतली होती. किती सुंदर, किती वेगळं, कोण हा मुलगा.

शोभना ऐकत होती आणि मनात मोजत होती. इतक्या लोकांनी बघितलं, इतक्या लोकांनी वाखाणलं. दृष्ट लागायला आणखी काय हवं? ती तयारीनेच आली होती. पर्समधून तिने पुडी काढली, मूठभर जाडं मीठ आणि मोहरी दोन्ही मुठींत घेतली आणि बोयेटला म्हणाली, "उभा राहा तसाच. बोलू नकोस." मग त्याच्या डोक्यापासून पायापर्यंत हात उतरवायला लागली.

"ते काय आहे?" टेसने विचारलं.

"सॉल्ट. मस्टर्ड. फॉर गुड लक," शोभना म्हणाली.

टेस किंचाळली. मोबाइल बेडवर टाकून तिने झडप घातली आणि शोभनाचं मनगट धरलं. मूठ सुटली. मीठ बोयेटच्या घागऱ्यावर सांडलं, निऱ्यांमध्ये गेलं, पायांवर पडलं.

बोयेट घागऱ्याकडे बघत होता. मग त्याने हसायचा प्रयत्न केला.

"काही नाही मॅम. टेस वेडी आहे. गोष्टीत तसं असतं."

"काय असतं?"

टेसनेच सांगितलं. वरची अर्धी उडून गेली की गावातले लोक खालचीला शोधून काढतात आणि तिच्यावर मीठ टाकतात. मग पहाटे वरची परत आली तरी जुळता येत नाही. बाहेरच्या बाहेर तडफडते आणि ऊन लागून मरते.

शोभना खाली बसली आणि घागऱ्याच्या निऱ्यांमधलं मीठ वेचायला लागली. बोयेट "मॅम, सोडा, गोष्ट आहे ती," म्हणत राहिला. तिने वेचता येईल तेवढं वेचलं, पण ते टाकायचं भान तिला राहिलं नाही. रुमालात बांधून तसंच घरी आणलं आणि बेसिनमध्ये ओतून वर पाणी सोडलं.

त्याच आठवड्यात व्हिसा नाकारल्याचं उत्तर आलं. कारण दिलं होतं: भेट संपल्यावर तुम्ही देश सोडून परत जाल, याची आम्हाला खात्री वाटत नाही.

बोयेटने ते काउंटरवर वाचून दाखवलं आणि आत जाऊन पेशंटच्या तोंडात नळी धरून उभा राहिला. राजीनामा मागे घेता येत नव्हता. डॉक्टरांनी त्याच्या जागी केरळहून मुलगी बोलावून घेतली होती. दुसरी नोकरी शोधायला त्याच्यात उमेद उरली नव्हती आणि तसा वेळही नव्हता. तो कापिझला, आईकडे परत जाणार होता. एरियल एकीकडे, तो दुसरीकडे, आणि मध्ये आता दुबईसुद्धा नाही.

"शोभना, यू आर अ ग्रॅज्युएट," शैलेंद्र त्या संध्याकाळी मोबाइलवरून म्हणाला. "कॅनडा आजकाल निम्म्या लोकांना रिजेक्ट करतं. त्यात मिठाचा काय संबंध?"

"संबंध नाही, मला कळतं."

"मग?"

"मग काही नाही. हात माझा होता, एवढंच."

तिला खरंच कळत होतं. तरी आमटीत मीठ घालताना तिचा हात थांबायचा. दवाखान्यात ती बोयेटच्या डोळ्याला डोळा भिडवत नव्हती. दुपारचं काउंटरला टेकून बोलणं बंद पडलं. एवढ्या वर्षांत ज्याला एकट्याला थकले म्हणून सांगितलं, त्याचंच वाटोळं आपल्या मुठीने झालं, हे तिच्या मनातून काही केल्या जाईना.

आणि मग निघायच्या दिवशी, शनिवारी, बोयेट स्वतःच डिस्कव्हरी गार्डन्सला आला. बॅगा टॅक्सीवाल्याच्या ओळखीने खाली वॉचमनकडे ठेवलेल्या, हातात फक्त एक कापडी पिशवी. शैलेंद्र घरी होता. त्याने पाहुण्याला सोफ्यावर बसवलं आणि बायकोकडे न बघता विचारलं, "फ्लाइट किती वाजता?"

"रात्री, सर. सर, तुम्ही रुवैसला किती वर्षं?"

"बारा."

"रोज घरी?"

"छे. वीकएंडला फक्त."

"मग सर, तुम्हाला ठाऊकच आहे," बोयेट म्हणाला.

शैलेंद्रने टीपॉयवरचा रिमोट उचलला, पुन्हा ठेवला.

शोभनाने चहा आणला. बोयेटने कप घेतला आणि सरळ विषयाला हात घातला. "मॅम, फिल्म पुढच्या आठवड्यात लागणार आहे. मी नाही गेलो तरी ती जाणार. पण तिला शेवट नाही. मला शेवट तुमच्या स्वयंपाकघरात करायचाय. तुम्ही ते मीठ माझ्यावरून उतरवा. मी टिपतो."

"नको रे बाबा," शोभना मराठीतच म्हणाली आणि मग इंग्रजीत, "नो, बोयेट. एकदा हात लावला तेवढा पुरे झाला."

"ऐका ना. मी रोज विचार करतोय. माझ्या गावात मीठ घेऊन येतात ते मारायला येतात. सगळ्या गोष्टीत तसंच आहे. जे आपल्यासारखे नाहीत त्यांच्यावर मीठ टाका. माझ्यावरून मीठ घेऊन कुणी, मला काही होऊ नये म्हणून, हात फिरवेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. त्या दिवशी टेसने हात धरला तेव्हा मी हललो नाही, बघितलंत ना? मला तो हात पुढे यायला हवा होता. मॅम, माझ्या गोष्टीत मला तुमचं मीठ पाहिजे."

शोभनाच्या डोळ्यांना धार लागली. पदर नव्हता म्हणून तिने कुडत्याच्या बाहीने तोंड पुसलं. मग तिला एक साधी गोष्ट सुचली. त्या दिवशीची दृष्ट पुरी झालीच नव्हती. उतरवायला घेतली आणि अर्ध्यावर राहिली, विस्तवावर गेली नाही, बाहेर पडली नाही. अर्धवट सोडलेलं काम तिला एरवीही बघवत नसे.

"दिवेलागणीची वेळ झालीच आहे," ती म्हणाली. "कपडे बदलून ये."

बोयेट शुभ्राच्या खोलीत जाऊन घागरा नेसून आला. शैलेंद्र स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा होता. त्याने या ठेंगण्या, जेल लावलेल्या, घागऱ्यातल्या बाप्याला पायापासून डोक्यापर्यंत एकदा पाहिलं. शोभनाने मीठ आणि मोहरी मोजून घेतली, सुक्या मिरच्या घेतल्या आणि तवा तापत ठेवला. नवरा आता काय बोलतो म्हणून तिचा जीव मुठीत होता, पण आज बोलला असता तरी ती थांबणार नव्हती.

शैलेंद्र आत गेला, बाथरूममधून हॉटेलची एक प्लास्टिकची शॉवर कॅप घेऊन आला, जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढली, तिच्यावर चढला आणि छतावरच्या स्मोक अलार्मवर ती टोपी घट्ट बसवली.

"गेल्या गणपतीत फायर ब्रिगेड यायची बाकी होती," तो बोयेटला म्हणाला आणि खाली उतरून बाजूला झाला.

बोयेटने मोबाइल डाळीच्या डब्यांना टेकवून उभा केला आणि तो शोभनापुढे येऊन थांबला. शोभनाने मुठी भरल्या. डोक्यावरून सुरू करून ती हात खाली आणायला लागली, सासूने शिकवलेलं पुटपुटत. आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची, भुताखेताची... इथे ती क्षणभर अडखळली, कारण आज समोर उभं होतं तेच मुळी भूत होतं. मग तिने तो शब्द गाळला आणि पुढे गेली. कमरेपाशी तिचा हात थांबला नाही. घागऱ्यावरून, पायांवरून, जमिनीला टेकेपर्यंत नेला.

"याची," ती म्हणाली. मग पुन्हा वर, डोक्याच्याही वर, जिथे कुणी नव्हतं तिथून एक फेरी घातली. "आणि एरियलची. दोघांची. लागली असेल ती जळून जाऊ दे."

एरियल हे नाव बोयेटला कळलं. बाकीचं कळायची गरज नव्हती. तो हुंदके दाबत, न हलता उभा राहिला.

मुठी तव्यावर रिकाम्या झाल्या. मोहरी तडतडली, मिरच्या काळ्या पडल्या. शोभना नाक वर करून वाट बघत होती. कुणालाच ठसका लागला नाही.

"बघा," ती नवऱ्याला म्हणाली. "ठसका नाही. म्हणजे दृष्ट होती. चांगली कडक होती. मिठाचं काही नव्हतं त्यात."

"एक्झॉस्ट चालू आहे गं," शैलेंद्र हळूच म्हणाला, पण त्याने तो बंद केला नाही.

खालून टॅक्सीवाल्याचा फोन आला. बोयेट पँट चढवून आला. शोभनाने तव्यावरचं जळकं मीठ आणि मिरच्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि पायात चपला सरकवल्या.

"हे रस्ता फुटतो तिथे नेऊन टाकायचं असतं," तिने लिफ्टची वाट बघताना बोयेटला समजावलं. "टाकेपर्यंत बोलायचं नाही आणि मागे वळून बघायचं नाही. नाहीतर पुन्हा चिकटतं. एकदा माझ्याकडून अर्धं राहिलं, आता नाही राहू देणार. तर जे काय बोलायचं ते आत्ताच बोल."

बोयेटने वाकून तिचा मोकळा हात आपल्या कपाळाला लावला. त्यांच्याकडे मोठ्यांना असाच नमस्कार करतात. लिफ्ट आली. तिघे उतरले तेव्हा कुणी कुणाशी बोललं नाही.

टॅक्सी दारातच उभी होती. शैलेंद्र वॉचमनकडच्या बॅगा आणायला वळला. शोभना थांबली नाही. कागदाची गरम पुडी तळहातावर धरून ती टॅक्सीच्या बाजूने तशीच पुढे गेली, फुटपाथवर चढली आणि नाक्याकडे चालायला लागली. तिचे गुडघे दुखत होते. मागे डिकी आपटल्याचा आवाज आला. शैलेंद्र मोठ्याने म्हणाला, "पोचलास की मेसेज कर रे," आणि हे तो मराठीत म्हणाला, हे त्याच्याही ध्यानात आलं नसावं.

"मॅम शोभना!"

तिने पाऊल उचललं.

"मॅम शोभना! बाय!"

तिची मान आपोआप वळू पाहत होती. तिने पुडी दोन्ही हातांत धरली आणि समोरच्या पालिकेच्या हिरव्या डब्याकडे बघत ती चालत राहिली. टॅक्सीचं दार लागलं. गाडी जागच्या जागी वळून मोठ्या रस्त्याकडे निघाली, तिचा आवाज इतर गाड्यांत मिसळला, आणि शोभना नाक्यावर पोचली. तिने झाकण उचललं, पुडी आत टाकली, झाकण लावलं आणि हात झटकले.